शालीत गुंडाळलेली पेटी

आज भिजलेली शाल वाळत घातली आणि ओल्या लोकरीच्या वासानं बंगळुरातल्या बसवनगुडीचा रस्ता आठवला. माझं नुकतंच लग्न झालं होतं. देवळात ह्यांना पहिल्यांदाच भजनाला साथ करायची होती आणि वाटेतच पाऊस आला. पेटी भिजली की पट्ट्या फुगून अडकतात, म्हणून मामंजींनी आपली छत्री पेटीवर धरली. तरी पाणी लागतच होतं.

सासऱ्यांसमोर नवऱ्याशी मी कधी बोलले नव्हते. पण एकदम ओरडले, “अहो, थांबा!” आणि अंगावरची शाल काढून पेटीला गुंडाळली.

मामंजी भिजत हसले. “अरे, बोलते की! मी हिला स्वल्प मुकीच समजत होतो.”

देवळात पहिलाच सूर स्वच्छ निघाला. ह्यांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे बघितलं. मी लाजून मान खाली घातली. आज हे असते, तर मीही मान वर करून ह्यांच्याकडे बघितलं असतं.