बावीस मिनिटांचा सत्कार

लालासाहेबांच्या घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला बावीस मिनिटं लागत. अंदाजे नाही. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं, बटण दाबायचं, पडद्यावरचा बाण मोकळा फिरायला लागला की वहीत आकडा लिहायचा. सोमवारी बावीस, मंगळवारी साडेएकवीस, बुधवारी पुन्हा बावीस. साखर कारखान्यात बॉयलरवर अडतीस वर्षं काढलेला माणूस. तिथं दर तासाला प्रेशर लिहावं लागे. माणूस निवृत्त झाला, हात झाला नाही.

उंब्रजमध्ये कॉम्प्युटर बऱ्याच घरांत आहेत आणि बहुतेकांवर विणलेला रुमाल आहे. लालासाहेबांचा मात्र कामाचा होता. मुलगा उदयसिंह फौजेत हवालदार, सध्या बर्फातल्या एका चौकीवर. रविवारी त्याला कधीतरी नेटवर्क मिळे, तेही दहा-बारा मिनिटं. त्याची आई साळूबाई, तिची नजर अधू. मोबाईलवर तिला मुलगा म्हणजे नुसता हलणारा डाग दिसे. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्याला नाक लावलं की हनुवटी दिसे, गाल बसलेत का भरलेत ते दिसे.

पण नेटवर्क दहा मिनिटांचं आणि मशीन बावीस मिनिटांचं. सलग तीन रविवार पडदा उजळला तेव्हा चौकी गप्प झालेली होती.

"आवं, सकाळधरनं चालूच ठिवा की त्याला," साळूबाई म्हणाली.

"रिकामं मशीन चालवायचं न्हाई. अडतीस वर्षांत चालवलं न्हाई."

"आन पोरगं?"

 लालासाहेबांनी मग जाणकार बोलावले.

पहिला दिग्विजय. हायवेला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आल्याआल्या उभ्यानंच बटण दाबलं, बसायला वेळ नाही म्हणाला आणि बावीस मिनिटं मोबाईल बघत बसला.

"तात्या, व्हायरस हाय."

"कशावरनं?"

"अनुभव."

"आरं, तू तर वर मान करून बघितलंबी न्हाईस."

"दिसत न्हाई, म्हणूनच त्याला व्हायरस म्हंत्यात."

त्यानं व्हायरस मारणारा एक प्रोग्रॅम टाकला, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी वहीत पंचवीस.

दुसरा जयराज, लालासाहेबांचा भाचा. पुण्यात आयटीत. म्हणजे नेमकं काय करतो, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण आयटीत. त्यानं दिग्विजयचं काम बघून नाक मुरडलं.

"मामा, हे अगदी लोकल आहे. मी चांगलं टाकतो."

"मग पहिलं काढ."

"राहू द्या हो. दोन असली की डबल सेफ्टी."

त्यानं स्वतःचं टाकलं. वर वेग वाढवणारा आणखी एक प्रोग्रॅम टाकला, त्याच्या चित्रात रॉकेट होतं. रॉकेट आल्यावर वहीत एकतीस.

चौथ्या रविवारी फोन आला. लालासाहेबांनी धावत जाऊन बटण दाबलं. साळूबाई काळ्या पडद्यासमोर बसली, पदरानं पडदा पुसला, पुन्हा पुसला. मोबाईलमधून आवाज येत होता, मग तोही बंद झाला.

"आवाज बसल्यावानी वाटला त्येचा," ती म्हणाली. पडद्यावरचा पदर काढत म्हणाली, "आता त्येचं त्वांड मला आठवावं लागतंय."

सोमवारी लालासाहेबांनी खुर्ची ओढली आणि बॉयलरपुढे बसत तसे मशीनपुढे बसले. त्यांच्या एक ध्यानात आलं होतं. दोन जाणकार येऊन गेले, पण मशीन सुरू होताना एकानंही बघितलं नव्हतं.

त्यांनी बघितलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, एकेक चित्र उगवत होतं. चौथ्या मिनिटाला एक ढाल, दिग्विजयच्या प्रोग्रॅमची. सातव्याला दुसरी ढाल, जयराजच्या. नवव्याला प्रिंटर, घरात प्रिंटर कधी नव्हताच, कुणीतरी कधीतरी जोडून बघितला होता. बाराव्याला पहिल्या ढालीनं दुसरीबद्दल तक्रार केली. पंधराव्याला रॉकेट आलं आणि तिथंच फिरत बसलं.

लालासाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. हे त्यांनी पाहिलेलं होतं. दरवर्षी.

गाळप सुरू व्हायच्या दिवशी उसाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम असे. बॉयलर सकाळी आठला तयार. लालासाहेब आणि त्यांची माणसं रात्रपाळीपासून तिथं. मग अध्यक्षांचा सत्कार, उपाध्यक्षांचा सत्कार, संचालकांचा, माजी संचालकांचा, संचालक होऊ बघणाऱ्यांचा. शाल, नारळ, फेटा, दोन शब्द. इकडं वाफ सेफ्टी वाल्वमधून वाया जातेय आणि तिकडं माईकवर, "वेळेअभावी थोडक्यात सांगतो." मोळी पडायला दुपार व्हायची.

"अगं, ह्ये मशीन बिघडलेलंच न्हाई," लालासाहेब ओरडले. "ह्यात सत्कार चाललाय!"

त्यांनी दिग्विजयला फोन लावला. "सुरवातीला कोन कोन येऊन बसतंय, त्याची यादी मशीनमधी मिळती का रं?"

"मिळती की. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप, तिन्ही एकदम दाबा आन त्यात स्टार्टअप बघा."

"मग त्या दिवशी का न्हाई काढलीस?"

"तुमी कुठं इचारलं, तात्या?"

यादीत अठरा नावं. प्रत्येकापुढं त्याचा भार किती ते इंग्रजीत लिहिलेलं. इंग्रजी लालासाहेबांना बेताचंच. पण प्रेशरच्या काट्याखाली 'हाय' लिहिलेलं अडतीस वर्षं वाचलं होतं. तो शब्द दिसला की हात आपोआप वाल्वकडे जाई.

"काय लिवलंय?" साळूबाईनं विचारलं.

"हाय."

"काय हाय?"

"हाय हाय."

"आवं, पर हाय काय?"

"अगं, इंग्रजीतलं हाय! भार लय हाय!"

यादीतून उठवून प्रिंटर घरी बसवला. रॉकेट घरी बसवलं. एक ढाल राखणीला ठेवली, दुसरी समूळ काढली. नाव ओळखीचं नाही त्याला हात लावला नाही. न समजणारा वाल्व फिरवायचा नसतो. मशीन बंद केलं, सुरू केलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तीनदा तेच आलं, मग वहीत लिहिलं.

आठवडाभरात दिग्विजयनं हायवेला सगळ्यांना सांगितलं, की तात्यांचं मशीन आपण फोनवर दुरुस्त केलं.

रविवारी अकराला मोबाईल वाजला. लालासाहेबांनी बटण दाबलं. साळूबाई खुर्चीत बसते, पदर सावरते, तोवर बाण मोकळा. पडद्यावर उदयसिंह आला. टोपी, मागं बर्फ.

"आबा, आज लगेच कसं? थांबा, माझ्या मित्रानं मशीन फास्ट करायचा एक प्रोग्रॅम दिलाय, तो पाठवतो..."

"पाठवू नगंस!" लालासाहेब गरजले.

"त्ये ऱ्हाऊ दे. त्वांड जवळ आण," साळूबाई म्हणाली.

त्यानं तोंड जवळ आणलं, हसला, आणि चौकीचं नेटवर्क अडलं. चित्र तसंच थांबलं. आवाज नाही, हालचाल नाही.

"गेलं," म्हणत लालासाहेबांनी बंद करायला हात पुढं केला. साळूबाईनं मनगट धरलं.

"थांबलाय त्ये बरं झालं. हलत व्हता तवा नीट दिसत नव्हता."

ती नाक लावून बघत राहिली. हनुवटी, मग गाल. टेबलावर घड्याळ चालू होतं, मशीन रिकामं चालू होतं. लालासाहेबांनी वही मिटली.