कपाटात पिकलेले टोमॅटो

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत त्याला सगळे चादरभाऊ म्हणायचे. खरं नाव फक्त हजेरीपटापुरतं. सत्तावीस वर्षं तो एकाच यंत्रापाशी उभा होता. दोन तापलेले रोलर होते. एका बाजूनं त्यानं ओल्या चादरी आत सारायच्या आणि पलीकडच्या बायकांनी त्या कोरड्याठक्क बाहेर ओढून घड्या घालायच्या. सकाळी सहाला सुरुवात, दुपारी तीनला सुट्टी. बाहेर ऋतू कुठलाही असो, आत वाफच. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते, आणि पाय संध्याकाळी असे भरून यायचे की चप्पल काढताना पट्ट्याचा वळ दिसायचा.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. घरात तो आणि त्याच्या सासूबाई. या दोघांचं एकत्र राहणं कोणी ठरवलेलं नव्हतं. गुडघे दाखवायला म्हणून सासूबाई आठ दिवसांसाठी लेकीकडे आल्या, आणि त्याच महिन्यात लेक काविळीनं गेली. कार्य उरकलं, माणसं पांगली. सासूबाईंनी परत जायचा विषय काढला नाही. त्यानंही काढला नाही. चार वर्षं झाली. त्या त्याला ‘अहो’ म्हणायच्या, रागावल्या की ‘जावईबापू’. तो त्यांना आई म्हणायचा. बोलायला दोघांकडे फारसं काही नव्हतं. जी दोघांची होती ती मधून निघून गेली होती, आणि तिच्याबद्दल बोलायचं तर दोघांपैकी एकजण हमखास उठून आत जायचा.

टोमॅटो लावायची त्याला काही हौस नव्हती. घड्या घालणाऱ्या बाईनं एकदा कागदी पेल्यांतून रोपं आणली. “न्या हो चादरभाऊ, माझ्याकडे जागा नाही,” ती म्हणाली. नको म्हणायचं तर चार वाक्यं बोलावी लागली असती. तेवढं त्राण नव्हतं, म्हणून त्यानं सहा रोपं घेतली. रंगाचे रिकामे डबे आणले, बुडाला भोकं पाडली, माती भरली. आणि मग कसं कोण जाणे, जीव गुंतला. कामावरून आला की तो आधी गॅलरीत जायचा. बगलेतले फुटवे खुडायचा, वाढलेली फांदी सुतळीनं काठीला बांधायचा, फळ धरावं म्हणून फुलांच्या देठांवर टिचकी मारायचा. ओल्या मातीत बोटं खुपसली की चटके बसलेली कातडी निवायची. दिवसभरात तेवढाच अर्धा तास असा, की कोणी त्याच्याकडून काही मागत नव्हतं.

सासूबाई दारातून बघायच्या. चाळीस वर्षं त्यांनी भाजीचं दुकान सांभाळलं होतं. “पानांवर पाणी ओतू नका, मुळाशी घाला,” एवढं त्या म्हणायच्या, आणि तो मान हलवून पुन्हा पानांवरच ओतायचा.

फळं धरली. हिरवी, घट्ट, मुठीएवढी. एकाच्या बुडाशी किंचित पिवळट झाक आली तेव्हा त्यानं लॉन्ड्रीत दोघातिघांना सांगितलंसुद्धा. मग आठवडाभर ढग बसून राहिले. ऊन नाही, वारा नाही, नुसती भुरभुर. त्याच आठवड्यात लॉन्ड्रीतले दोघं जण आजारी पडले आणि त्याला एकट्याला दोन माणसांचं काम ओढावं लागलं. शुक्रवारी तो जिना चढला तो कठड्याला धरून. गॅलरीत गेला आणि जागच्या जागी थांबला.

सहाही झाडं मोकळी होती. एक टोमॅटो नाही. कडेला टोपलीत सगळे हिरवे टोमॅटो पडलेले, आणि स्टुलावर सासूबाई बसलेल्या, मांडीवर कात्री.

“हे काय केलंत?”

“उतरवले. पानं बघा, करपा आलाय. देठापर्यंत—”

“पिकत होते ते!”

“पिकले नसते. आधी बघा तर.”

त्यानं बघितलं नाही. दोन महिन्यांचं पाणी, सुतळ्या, तो अर्धा तास, सगळं त्याच्या डोक्यात गेलं. “कोणी सांगितलं होतं तुम्हाला? माझ्या घरात एक गोष्ट माझी नसावी? तुमचा इथे संबंध काय? जिचा होता ती गेली!”

शब्द सुटले आणि मग ते त्याला ऐकू आले.

सासूबाईंनी कात्री टोपलीत ठेवली. भिंतीचा आधार घेत उठल्या. “बरोबर आहे, जावईबापू,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांच्या पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

रविवारी मेहुणा आला. आईनंच फोन करून बोलावलं होतं. तो शेजारच्या शहरात औषधांच्या दुकानांना माल पोचवायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा. चहा घेताघेता तो हलक्या आवाजात म्हणाला, “भाऊजी, तुम्हीच सांभाळून घ्या ना. आमच्याकडे सध्या सगळं अवघड आहे. पोरांच्या परीक्षा, हिची तब्येत... बघू, दोनचार महिन्यांनी नेतो.”

मधलं दार अर्धवट उघडं होतं. आत भरलेल्या पिशवीशेजारी त्याची आई बसली होती. चादरभाऊनं कप खाली ठेवला.

“न्यायचं काही कारण नाही,” तो म्हणाला. “माझ्या तोंडून वेडंवाकडं गेलं म्हणून त्यांनी फोन केला. त्या इथेच राहतायत.”

मेहुण्याला हायसं वाटलं ते लपलं नाही. आत जाऊन तो आईच्या पाया पडला आणि लगेच निघाला.

सोमवारी चादरभाऊ कामावरून आला तेव्हा पिशवी रिकामी होऊन खुंटीला लागली होती. गॅलरीत झाडांच्या दांड्या काळ्या पडल्या होत्या आणि पानं पोतेऱ्यासारखी लोंबत होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंड्यांतले टोमॅटो झाडावरच तपकिरी होऊन सडले होते. तो बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, “आई, तुमचं बरोबर होतं.”

“ते मला माहीत आहे.”

“आणि मी जे बोललो ना, ते—”

“तेही मला ऐकू आलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “जुनी वर्तमानपत्रं आहेत का घरात? बसा इथे.”

दोघं टोपली मधे घेऊन बसले. ज्याच्यावर डाग तो बाजूला. अगदी गडद हिरवा, दगडासारखा, तोही बाजूला. “हा बघा, जरा पांढुरका पडलाय. हा पिकणार.” असे एकतीस निघाले. एकेक कागदात गुंडाळून त्यांनी ते कपाटाच्या खालच्या खणात मांडले, एकमेकांना लागणार नाहीत असे, आणि लवकर पिकावेत म्हणून मधे एक पिकलेलं केळं ठेवलं. तो खण रिकामाच होता. बायकोच्या साड्या त्यात असायच्या. ते दोघांनाही आठवलं असणार, पण कोणी उठून आत गेलं नाही.

पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी खण उघडायचा, कागद सोडायचे, बघायचं. सात सडले. बाकीचे आधी पिवळे, मग नारिंगी, मग लाल होत गेले, रोज एकदोन. पहिला कापला तेव्हा त्यानं चार फोडी खाल्ल्या.

“झाडावरची गोडी नाही यांना,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही.”

“मीठ लावा.”

त्यानं लावलं.

टोमॅटो संपले तशी डब्यांतली माती टाकायची वेळ आली. “रोगाची माती आहे, परत वापरू नका,” असं सासूबाईंनी बजावलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं एकेक डबा खाली न्यायला सुरुवात केली. सहा डबे, तीन मजले. चौथा ठेवून वर येताना दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर तो बसला तो बसलाच. पाय उचलेनात. कसला विचारही येईना. खालून वर जाणारे लोक बाजूनं जात होते.

बऱ्याच वेळानं वरून कोणीतरी एकेक पायरी थांबत थांबत उतरत असल्याचा आवाज आला. सासूबाई होत्या. मागचे आठ महिने त्या जिना उतरल्या नव्हत्या. कठड्याला दोन्ही हातांनी धरून त्या आल्या, त्याच्याशेजारी टेकल्या आणि धापा टाकत राहिल्या.

“तुम्ही कशाला आलात?” त्यानं विचारलं.

“उशीर झाला म्हणून बघायला आले.”

“आता वर कशा जाणार?”

“जाऊ सावकाश. आधी बसू द्या.”

दोघं तिथेच बसून राहिले. उठायला दोघांनाही वेळ लागला.