तुसाला हाक मारायची नाही

गुन्वरवहिनीला कुणी काही विचारलं की ती उत्तर देणार, पण का विचारलं ते विचारणार नाही. आमच्या या उत्तरेकडच्या जंगलातल्या गावात सगळेच तसे. पण तिच्याइतकं भोळं मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्याचा मला संताप येतो.

गेल्या वर्षी तिची बोटं सकाळी वळेनाशी झाली. तिच्या आईचे हात असेच वाकडे झाले होते, आजीचेही. रक्त तपासलं तर तोच संधिवात तिच्याही रक्तात निघाला. दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं, "सिगारेट? घरात कुत्रं, मांजर? किती वर्षं?" झालं! विचारलं म्हणजे काहीतरी असणारच, असं हिनं मनाशी ठरवलं. माझा भाऊ गेल्यापासून घरात हिच्या सोबतीला एकटी तुसा, करडी शिकारी कुत्री. तीच हिनं चार दिवसांत, आमच्याबरोबर शिकारीला येणाऱ्या फोल्केला देऊन टाकली. मला सांगितलंसुद्धा नाही.

पुढे मोठा डॉक्टर हसला. "अहो, कुत्र्याचा काही संबंध आहे का, ते आम्ही अजून शोधतोय. म्हणून विचारतो सगळ्यांना. कुत्री द्या असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच नव्हतं सांगितलं.

"जा आणि परत माग," मी म्हटलं. पण आमच्या शिकारी टोळीत दिलेल्या कुत्र्याला जुन्या मालकानं हाक मारायची नसते, हात लावायचा नसतो. नाहीतर ते नव्या माणसाचं कधीच होत नाही, मूस हरणाचा माग अर्धा सोडून जुन्या घरी पळतं. तिला मागायचा धीरच होईना. वर्षभर वहिनी फोल्केच्या घरावरून जायची सोडून तळ्याच्या लांबच्या वाटेनं दुकानात जात होती. घरात तुसाचं पाण्याचं भांडं रोज विसळून भरून ठेवायची. मी ओरडले तर म्हणाली, "असू दे गं. ते रिकामं बघवत नाही."

यंदा सप्टेंबरात शिकार सुरू झाली. वहिनीच्या हातात बंदूक धरवत नाही, म्हणून ती माझ्यासोबत, सावजाची वाट बघायच्या माझ्या ठाण्यावर बसली. थर्मासचं झाकणही मीच उघडून दिलं. "आज संध्याकाळी फोल्केशी बोलणार," ती म्हणाली. "मागणार तुसाला." तिचा चेहरा असा उजळला की मला बाई रडूच आलं.

दुपारी झुडपं हलली. मी बंदूक उचलली, तर तुसा! वास काढत थेट वहिनीकडे आली, तिच्या गुडघ्यावर तोंड ठेवलं आणि कण्हायला लागली. वहिनीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. वर झाडाकडे बघत राहिली. डोळ्यांतून धारा.

"अगं, लाव ना हात! कोण बघतंय इथं!" मी म्हटलं.

"फोल्केला विचारल्याशिवाय नाही."

वॉकीटॉकीवर फोल्केचा आवाज आला, "तुसा दिसली का रे कुणाला?" मी सांगितलं. तो धापा टाकत आला. म्हातारा पार वाळलाय. बायको गेली त्याची गेल्या ख्रिसमसला. त्यानं हाक मारली, पट्टा ओढला. तुसा वहिनीच्या बुटांवर आडवी पडली, हलेना.

"फोल्के," वहिनी म्हणाली, "मला तुझ्याशी जरा..."

"बाई, तिला नावं ठेवू नकोस हां," तो कसनुसा हसला. "एरवी शहाण्यासारखी असते. इंगेबोर्ग गेल्यापासून घरात हिचाच तेवढा आवाज. हिला बाहेर काढायचं म्हणून तर मी सकाळी उठतो बघ." आणि मग टोपी काढून हळूच म्हणाला, "माझं ऐकत नाहीये. तूच सांग ना तिला."

मी वहिनीकडे बघितलं. मनात म्हटलं, बोल गं बाई, आता तरी बोल!

तिनं हात मांड्यांखालून काढले. सुजलेली बोटं तुसाच्या कानांमागे घातली, जेमतेम एक क्षण. वर्षभरात पहिल्यांदा तिचं नाव घेतलं.

"तुसा. जा त्याच्याबरोबर."

आणि ती मेली उठली, निमूट गेली. वहिनीचा शब्द तिनं कधी मोडलाच नव्हता.