ठेवीतलं घड्याळ

कुणीही घड्याळ पुढे केलं तरी चाचा आधी ते बघत नसत. कानाला लावत, डोळे मिटत, आणि समोरच्याने तोंड उघडलंच तर डावा हात वर करून म्हणत, "थांबा. आधी तिला बोलू द्या." मी घड्याळ म्हणते, ते घडी म्हणत. बंद पडलेलं घड्याळही ते तितक्याच मन लावून ऐकत. गप्प असलेल्याचंही ऐकून घेणारा माणूस मला परळीत पहिल्यांदाच भेटला. म्हणून असेल कदाचित, मी त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात पुन्हा गेले.

पहिल्यांदा गेले होते ते आमच्या लॅबच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायला. मी स्टेशन रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढते, त्यांच्याशी बोलणं मात्र टाळते. चाचांचं दुकान म्हणजे एका माणसाला बसायला आणि एकाला उभं राहायला जागा. घड्याळ उघडण्याआधी ते पंखा बंद करत, उंबऱ्यावर पाणी शिंपडत आणि बाहेर बघत. थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या बाजूने वारा असला तर काम उद्यावर. "राख माणसाच्या पोटात गेली तर माणूस खोकतो. घडीला खोकता येत न्हाई."

काउंटरवर पत्र्याच्या डब्यात विकायची जुनी चावीची घड्याळं होती. मी त्यातलं एक उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. दुसऱ्या शनिवारी मी ते घेतलं, आणि मला छंद लागला.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून हुशार झाले. भिंग मागवलं, वही केली. एका व्हिडिओत सांगितलं होतं, घड्याळासोबत आलेली कुठलीही वस्तू टाकायची नाही, म्हणून तुटकी पिनसुद्धा मी लॅबमधल्या छोट्या झिपच्या पिशवीत घालून ठेवू लागले. चाचांचे नियम वेगळे होते. "एक घडी आठ दिवस घाल. मग दुसरीकडं बघ." काचेवरचा ओरखडा घासून काढायचा नाही. चावी रोज एकाच वेळेला द्यायची. "किती वाजता देतीस?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, सिक्स फोर्टी फाइव्ह. "म्हंजी पावणेसात." मी इंग्लिश शाळेत शिकलेली, क्षणभर मनात हिशेब केला. ते भिंग कपाळावर सारून हसले. "घड्या जमा करायलीस अन् पावणेसात कळंना व्हय बेटी!"

आता भिंतीवरच्या फळीबद्दल सांगते. आमच्याकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात, हे तुम्हाला माहीत आहे. पण जाताना त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचं काय होतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला होता? मला नव्हता. कोयत्याचे दणके घड्याळाला सोसत नाहीत, उसाचा रस आत गेला तर विचारायलाच नको. म्हणून लग्नात सासऱ्याने दिलेलं घड्याळ लोक चाचांकडे ठेवून जात. चिठ्ठी नाही, नाव नाही. बायको जुन्या लुगड्याची चिंधी फाडायची, अर्धी घड्याळाच्या पट्ट्याला बांधायची, अर्धी स्वतःजवळ ठेवायची. परत आल्यावर चिंधीला चिंधी जुळली की घड्याळ मिळालं. फळी काउंटरवरच्या डब्याच्या अगदी वर, तिला खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला रंगीत चिंधीने टांगलेलं एक घड्याळ. रोज सकाळी चाचा हाताने चाचपत एकेकाला चावी देत. सहा महिने.

"कशाला? परत द्यायच्या वेळी द्यायची ना," मी म्हटलं.

"बंद घडी परत द्यायची नसती. माणूस थकून घरी आला अन् हातात मेलेली घडी दिली, बरं दिसंल का? एक घडी हरवली न्हाई आजवर, अन् एक बंद दिली न्हाई."

संक्रांतीच्या सुमारास डब्यात मला एक घड्याळ सापडलं. पांढरी डायल, बाराच्या आकड्याखाली केसाएवढा ओरखडा. चाचांनी ते कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं. "मशीन लई चांगली हाय. घे." त्यांनी ते बघितलंच नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. घरी आल्यावर पट्ट्याच्या बकलात अडकलेले पिवळे-लाल धागे मात्र दिसले. चिमट्याने काढले, पिशवीत घातले, वहीत नोंद केली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर थोडं कळलंही होतं. पण घड्याळ फार सुंदर होतं, आणि गप्प राहणं मला लहानपणापासून जमतं.

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी मी दुकानात गेले तेव्हा एक जोडपं उभं होतं. उन्हाने रापलेले दोघं, नुकतेच टोळीतून परतलेले. बाईच्या हातात पिवळी चिंधी, त्यावर लाल फुलं. चाचा फळीवरून हात फिरवत होते. एकदा, दोनदा. मग डबा ओतला, ड्रॉवर काढला. काही जण सणावाराला मधेच येऊन आपलं घड्याळ घेऊन जात, त्यामुळे एक खिळा रिकामा असल्याचं त्यांना इतके दिवस खटकलं नव्हतं.

"असंल चाचा, बघा नीट," तो माणूस म्हणाला. "सासऱ्यानं घातलेली हाय. आता सासरा बी न्हाई."

"ह्यांला टायम कळत न्हाई," बाई म्हणाली, "पर घडी पायजे." ती हसली नाही.

घड्याळ माझ्या मनगटावर होतं, कुर्त्याच्या बाहीखाली. त्या वेळी मला दोन गोष्टी एकदम कळल्या. चाचा वस्तू डोळ्यांजवळ नेऊन बघत होते आणि तरी त्यांना दिसत नव्हतं. चिंधी विरून घड्याळ खिळ्यावरून डब्यात पडलं असणार आणि त्यांनी ते मला विकलं होतं. मी खरं सांगितलं असतं, तर घड्याळ मिळालं असतं आणि चाचांचा शब्द गेला असता. मी निघून गेले असते, तर दोन्ही गेलं असतं. मला कुणी थांबवलं नसतं.

मी बाही वर केली.

"चाचा, ही तुम्ही मला चावी द्यायला दिली होती ना? विसरलात?"

अनोळखी माणसांसमोर इतकं मोठ्याने मी कधीच बोलले नव्हते. चाचा माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. हात पुढे केला, घड्याळ घेतलं, कानाला लावलं, डोळे मिटले.

"हाय," ते म्हणाले. "चालू हाय."

त्या माणसाने ओरखड्यावर अंगठा फिरवला आणि इतका मोठा श्वास सोडला की मलाही माझा सापडला. "हीच! हा तर मीच पाडला होता, हळदीत नाचताना."

"चिंधी कुठाय?" बाईचा नियम पक्का होता. मी पर्समधली वही काढली, वहीतली पिशवी काढली. तिने धागे चिंधीवर ठेवून बघितले आणि आता मात्र खळखळून हसली. "अगं बाई! चार धाग्यांला पिशवी? हिच्या सासूचं नशीब उघडलं म्हणायचं."

ते गेल्यावर चाचा बराच वेळ पत्र्याचा डबा पुसत बसले. "चार महिने झाले. सगळं धुक्यातलं दिसतंय," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं न्हाई." मग डबा माझ्याकडे सरकवला. "एक घे. तुझी गेली."

"नको. तुमचाच नियम ना, आठ दिवस व्हायचेत."

"इंग्लिश शाळेत खोटं बोलायला शिकिवतात व्हय गं?"

"नाही चाचा. गप्प बसायला शिकवतात."

ते असे हसले की भिंग कपाळावरून घरंगळलं.

मोतीबिंदूच होता. ऑपरेशनआधी आमच्या लॅबमध्येच त्यांची साखर तपासली. सुई टोचताना ते म्हणाले, "घाई करू नको, आधी शिरेला बोलू दे." ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर त्यांनी म्हणे आधी दवाखान्यातल्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि नर्सला सांगितलं की ते पाच मिनिटं मागे आहे. खरंच मागे होतं.

त्यानंतर त्यांची मुलगी त्यांना गेवराईला घेऊन गेली. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. फळी माझ्या खोलीत आहे. माझी स्वतःची घड्याळं अजून पाचच, पण यंदा दिवाळीनंतर फळीवर आणखी नऊ आली. पहिलं आलं ते पांढऱ्या डायलचं. बाईने नवी चिंधी बांधली, दोन गाठी मारल्या आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "ह्या वक्ताला हातात घालू नको बरं का." म्हणजे तिला कळलं होतं.

रोज पावणेसातला मी सगळ्यांना चावी देते. रविवारी त्याच वेळी गेवराईहून फोन येतो. कसं काय वगैरे चाचा विचारत नाहीत. मी पांढऱ्या डायलचं घड्याळ फोनला लावते आणि आम्ही दोघंही गप्प राहतो.