काल तुमच्या घरी काय झालं?

एकलहऱ्याच्या आमच्या कॉलनीत इंग्रजीचा भूतकाळ सगळ्यांत चांगला कोणाला येत असेल तर माझ्या सासूबाईंना, आणि त्या चौथी शिकलेल्या आहेत.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमचे हे वीज केंद्रात शिफ्ट ड्यूटीला. सकाळची शिफ्ट असली की दुपारी झोपायचे, रात्रीची असली की दिवसभर झोपायचे. आमची लेक मनू शाळेत, सासूबाई पोथीत आणि मी स्वयंपाकघरात. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि कुणी मला नावाने हाक मारल्याचं आठवत नव्हतं. तेवढ्यात कॉलनीत सगळ्यांना इंग्रजीचा ताप चढला. मुलांना इंग्रजी आलंच पाहिजे! मी म्हटलं, आपणच घ्यावी शिकवणी. बी.ए. तर आहोत!

सासूबाईंना विचारलं. त्या आधी हसल्या.

"तू? इंग्रजी?"

(का हसल्या ते पुढे येईलच. मला ते सांगायची घाई नाही.)

मग गंभीर होऊन म्हणाल्या, "घे. पुढची खोली घे. पण एक सांगते सूनबाई, चार घरची पोरं येतील. आपल्या घरातली एक गोष्ट जरी उंबऱ्याबाहेर गेली, त्या दिवशी शिकवणी बंद!"

मी आनंदाने मान डोलावली. घरातलं बाहेर जाण्यासारखं होतं तरी काय?

दहा-बारा मुलं जमली. ती मला 'मॅडम' म्हणायची. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून! खरं सांगते, त्या एका हाकेसाठी मी वर्षभर फुकट शिकवलं असतं.

वर्तमानकाळ सुखात पार पडला. गाडी अडली भूतकाळात. पुस्तकात वाक्य होतं, राजा शिकारीला गेला. राजा गेला, जात होता, तो जाण्याआधी राणी गेली होती. मुलं जांभया देत होती. खरंच आहे, त्या राजाचं त्यांना काय पडलं होतं? तो एकलहऱ्यात राहात थोडाच होता!

शेवटी वैतागून मी म्हटलं, "राजा ठेवा बाजूला. काल तुमच्या घरी काय झालं, ते सांगा. इंग्लिशमध्ये. आणि खरं सांगायचं! खोट्या वाक्याला शून्य मार्क."

एकदम हात वर झाले. इतके हात तर 'पाणी पिऊन येऊ का' विचारतानाही वर होत नसत.

समोरच्या क्वार्टरमधल्या खैरनारवहिनींचा प्रशांत उठला. "मॅडम, यस्टरडे माय फादर लॉस्ट द रिमोट. माय मदर हिड द रिमोट. माय फादर वॉज सर्चिंग, माय मदर वॉज लाफिंग!"

वर्ग खिदळला. मी फळ्यावर लिहिलं आणि 'वॉज सर्चिंग'खाली रेघ मारली. कळलं? कळलं! ज्या 'आयएनजी'साठी मी आठवडाभर घसा कोरडा केला, तो खैरनारांच्या रिमोटने एका मिनिटात समजावला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "मंग? सापडला का?"

सासूबाई! मेथी निवडता निवडता.

"तुम्हाला समजलं?" मी चकित.

"माले काय इंग्रजी समजस? रिमोट समजला तेवढा. तू तुन्हं शिकाड." (सासूबाई माहेरच्या नामपूरच्या. एरवी आमच्यासारखं बोलतात. पण राग आला, आनंद झाला किंवा एखादी बातमी हातातून निसटते आहे असं वाटलं, की अहिराणीवर येतात.)

दुसऱ्या दिवशी मेथी दाराच्या अलीकडे आली. तिसऱ्या दिवशी सतरंजीवर. आठवड्याभरात सासूबाई पहिल्या रांगेत, मांडीवर परात घेऊन! मेथी संपली की लसूण, लसूण संपला की शेंगा. आमच्या घरात निवडायचं काही शिल्लक राहिलं नाही, तेव्हा त्या निवडलेले तांदूळ परत निवडू लागल्या.

आणि काय ती जिज्ञासा! कदमांच्या स्वातीने एकदा सांगितलं, "माय फादर हॅड सोल्ड द स्कूटर बिफोर माय मदर वोक अप." मुलांना हे 'हॅड' काही केल्या पचेना. सासूबाईंची परात थांबली.

"थांब, थांब. आधी स्कूटर इकी का आधी ती उठनी?"

"आधी स्कूटर विकली, आजी. मग आई उठली."

"म्हणजे ज्याच्यापुढे 'हॅड', ते आधी झालेलं! उठली तोवर सगळं होऊन गेलेलं! अरे देवा, बिचारी!"

बघा! इतका स्वच्छ नियम मला कुठल्याच व्याकरणात सापडला नव्हता. मुलांनी तो वहीत लिहून घेतला, 'बिचारी'सकट.

मग हळूहळू आया मुलांना न्यायला लवकर येऊ लागल्या. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. आमच्या खिडकीबाहेर उभ्या राहायच्या आणि प्रत्येकीचं एक मूल आत असल्यामुळे प्रत्येकीला शंका विचारायचा हक्क! "अहो मॅडम, ते 'वॉज क्राइंग' कोण म्हणाला? कोण रडत होतं?" आपल्या घरची वाक्यं आली की नाकं मुरडायच्या, दुसऱ्याची आली की गजांना नाकं लावायच्या. शाळेतून निरोप आला, या कॉलनीतल्या मुलांचा भूतकाळ फार पक्का आहे. मी तर हवेतच होते!

फक्त एक काळजी मी घेतली होती. मनूला कधी उठवलं नाही. तिला मी राजाच्या शिकारीवरच ठेवलं होतं. मला माझी शिकवणी प्यारी होती.

आता कुरडयांचं सांगते. सासूबाईंच्या कुरडया म्हणजे कॉलनीतलं नावाजलेलं प्रकरण. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, तो शिजवून सोऱ्यातून गरम गरम पाडायचा. दरवर्षी घरोघर वानवळा जायचा. पण आदल्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरून सासूबाईंचं मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर काही आला नाही. सोऱ्या फिरेना. मी म्हटलं, मी करते. त्या म्हणाल्या, "तुझ्या कुरडयांना माझं नाव द्यायचं? मग मीच ओळखीच्या बाईकडून आणते!" यात मला काही तर्क दिसला नाही, पण मनगट चोळत बसलेल्या सासूबाईंकडे बघून मला वाईट वाटलं. नाशिक रोडहून त्या आणि मनू रिक्षाने जाऊन पिशवीभर तयार कुरडया घेऊन आल्या.

इथवर ठीक होतं. पण सासूबाईंनी त्या वाळलेल्या कुरडया गच्चीवर जुन्या साडीवर पुन्हा पसरल्या आणि कावळे हाकायला काठी घेऊन शेजारी बसल्या! कावळ्यांनासुद्धा प्रश्न पडला असेल. त्यातच खैरनारवहिनी कपडे वाळत घालायला वर आल्या. "काय बाई हात आहे तुमचा!" म्हणाल्या. सासूबाईंनी मान खाली घालून ते कौतुक घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग तुडुंब. खिडकीत तर पाय ठेवायला जागा नाही. कारण आदल्या दिवशी स्वातीने अर्धंच सांगितलं होतं, त्यांच्याकडे कोणी पाहुणा आला होता आणि तो आल्यावर तिचे वडील मागच्या दाराने गेले होते. पुढे काय झालं, यासाठी कॉलनी रात्रभर तळमळली होती. आणि स्वाती आलीच नाही! कदमवहिनींनी पाठवली नाही. शहाण्या बाई.

वर्गावर अवकळा पसरली. प्रशांत म्हणाला, "मॅडम, मनूचा नंबर कधीच येत नाही!"

"मनूला बरं नाहीये," मी म्हटलं.

"मला बरं आहे!" मनू म्हणाली.

"येऊ द्या की हो मनूचं पण," खिडकीतून खैरनारवहिनी. "आमचीच उणीदुणी किती दिवस?"

मी काहीतरी सबब शोधत होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाईच पुढे सरसावल्या. रोजची सवय! डोळे चमकत होते, हातातला लसूण थांबला होता.

"सांग वं मनू! काल काय व्हयनं?"

घर आपलं आहे, हे त्या साफ विसरल्या होत्या.

मनू उभी राहिली. "यस्टरडे माय ग्रँडमदर वेंट टू नाशिक रोड."

सासूबाईंनी कौतुकाने मान डोलावली.

"शी बॉट कुरडई."

मान थांबली.

"व्हेरी गुड, सिट डाऊन!" मी ओरडले.

"मॅडम, अजून 'हॅड' राहिलंय!" आणि माझी गुणी लेक एका दमात म्हणाली, "व्हेन खैरनार आंटी केम ऑन द टेरेस, माय ग्रँडमदर हॅड थ्रोन द प्लास्टिक बॅग!"

एवढं कठीण वाक्य, पण समजलं नाही असा एक माणूस तिथे नव्हता. इतकं मी चांगलं शिकवलं होतं!

"म्हणजे पिशवी आधी फेकली, मी नंतर आले," खैरनारवहिनी सावकाश म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "अहो, तुमच्यासारख्या जमाव्यात म्हणून मी यंदा दोनदा गहू भिजत घातले! दोनदा चीक गटारात गेला माझा!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला. मला इतकं लाजल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी, काय स्वार्थी असतं माणूस, मनात आलं, गेली माझी शिकवणी.

"मुलांनो," मी घाईघाईने म्हटलं, "भूतकाळ संपला. उद्यापासून भविष्यकाळ!"

"वन मिनिट."

सासूबाई उठल्या होत्या. पदर खोचला, फळ्याजवळ आल्या, खिडकीकडे तोंड केलं आणि आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य एकेक शब्द तोलून बोलल्या.

"बिफोर शी केम टू माय हाऊस, युवर मॅडम हॅड फेल्ड इन इंग्लिश. ट्वेल्थ स्टँडर्ड. आय नेव्हर टोल्ड एनीबडी."

मग माझ्याकडे वळून, "खोटं वाक्य चालत नई ना? खरं शे."

आता मी काय करायला हवं होतं? रडायला, निदान आत तरी जायला. पण सवय वाईट असते हो. माझ्या तोंडून निघून गेलं, "करेक्ट! व्हेरी गुड!" आणि मी टाळ्यासुद्धा वाजवल्या!

खैरनारवहिनी आधी फसकन हसल्या, मग गजांना धरून हसल्या. मागोमाग सगळी खिडकी, सगळा वर्ग. शेवटी सासूबाईपण, तोंडाला पदर लावून. हसू ओसरल्यावर खैरनारवहिनी म्हणाल्या, "हाताला काय झालंय ते बोलायचं नाही का हो? गहू मी भिजवते. तुम्ही नुसत्या बसून सांगा." पुढच्या रविवारी गच्चीवर चौघीजणी सोऱ्या फिरवत होत्या आणि सासूबाई खुर्चीत बसून काठीने दाखवत होत्या. या वेळी कावळ्यांनाही काम होतं.

शिकवणीचा विषय मीच भीत भीत काढला. "बंद करू ना, आई? घरातली गोष्ट बाहेर गेली."

"माझी एक गेली, तुझी एक गेली. फिट्टंफाट," त्या म्हणाल्या. "आणि त्या कदमांच्या पाहुण्याचं अजून समजायचंय."

दुसऱ्या दिवशी नापास मॅडमकडे (ऑक्टोबरात पास झाले होते, पण ते वाक्य कुणी ऐकलं नव्हतं!) कोण येणार म्हणून मी सतरंजी अर्धीच घातली. पहिल्या आल्या खैरनारवहिनी, स्वतःची वही घेऊन!

"तुमच्या सासूबाई चौथी शिकलेल्या, त्यांनी एवढ्या शुद्ध इंग्रजीत तुमची अब्रू काढली. माझ्या सासूबाई दिवाळीला येतायत. तोवर मला येईल ना?"

त्यानंतर बरीच वर्षं आमची पुढची खोली भरलेली होती. नवे पालक चौकशीला आले की दार सासूबाईच उघडायच्या. "मॅडम कशा शिकवतात?" असं कुणी विचारलं, की पदर खोचून उभ्या राहायच्या आणि नमुना म्हणून तेच वाक्य खणखणीत म्हणून दाखवायच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बारावीसकट. पालक अवाक होऊन पोराचं नाव घालायचे.

आणि आतून, पोळी लाटता लाटता, मी ओरडायचे, "करेक्ट! व्हेरी गुड!"