वरची कडी

आमचे हे गेल्यावर थोरल्याने यांच्या फोटोखाली छापून घेतलं, ‘निसर्गप्रेमी’. निसर्गप्रेमी म्हणे! यांनी जन्मात तो शब्द उच्चारला नसेल. डोंगरावरून आले की चिखलाचे बूट घेऊन थेट माझ्या पुसलेल्या फरशीवर, आणि वर तोंड करून, “अगं, चहा टाकतेस ना?” मी बडबड करायची, हे हसायचे. असा संसार झाला.

कामाला होते हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, बॉयलरवर. तळघरात. खिडकी नावालाही नाही, बनियन पिळून काढावी इतका घाम, आणि दिवसभर वाफेच्या काट्यावर नजर. त्यामुळे सुट्टी आली की पायाला भिंगरी. मुलांना घेऊन टेकडीमागच्या तळ्यापर्यंत जायचे. मुलं रडकुंडीला आली की म्हणायचे, “आलंच, त्या झाडापलीकडे.” झाडं काही संपायची नाहीत. मग धाकटी खांद्यावर. मी मात्र कधी गेले नाही. आठवड्यातून एक दिवस मला घर शांत हवं असायचं, त्यात काय चुकलं?

रिटायर झाल्यावर रोजच टेकडी. आणि मग विसरायला लागले. आधी चष्मा, किल्ली. एकदा तर शेजारच्या बिल्डिंगमध्ये आमच्या मजल्याइतकंच वर चढून कुणाच्या तरी दारात बूट काढत बसले. त्या लोकांनी आणून सोडलं. धाकटीने दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला आणि दाराला अगदी वर, चौकटीपाशी, कडी ठोकून घेतली.

“तिकडे त्यांचं लक्ष जाणार नाही, आई. लावत जा.”

“ज्याने आयुष्य तळघरात काढलं त्याला म्हातारपणी कोंडू? मी जिवंत असेपर्यंत नाही!”

“आणि काही बरंवाईट झालं तर?” थोरला म्हणाला.

“झालं तर झालं!”

तोंडाने म्हटलं खरं. पण हे बाहेर पडले की मी गॅलरीत उभी. कोपऱ्यावर यांची टोपी दिसली की जीव भांड्यात पडायचा.

एका सकाळी मी दारातच स्टूल टाकून भाजी निवडत होते. हे बूट घालून आले.

“अहो, जरा वाट देता का?”

उभ्या आयुष्यात मला ‘अगं’ सोडून दुसरी हाक नाही. मला वाटलं, थट्टा करतायत.

“आज भारी मान द्यायला लागलात!”

हे हसले नाहीत. परक्या बाईसमोर उभं राहावं तसे अदबीने उभे होते.

मी चपला घातल्या आणि निघाले यांच्या मागोमाग. पहिल्यांदाच चढत होते ती टेकडी. सुट्या दगडांवर यांनी मला हात दिला. “सांभाळून हं,” म्हणाले. वर वाऱ्यात आम्ही टेकलो. खाली तळं दिसत होतं. छान होतं. या वयात कळून काय उपयोग?

“घरी कोण असतं तुमच्या?” मी विचारलं.

“बायको.” चेहरा खुलला यांचा. “तोंडाने फटकळ आहे हो. पण मुलं म्हणतात कोंडून ठेव, तर ही कुणाचं ऐकत नाही. मला जाऊ देते.”

मला हुंदका आवरेना.

“बरं नाही का तुम्हाला? चला, मी सोडतो घरापर्यंत.”

उतरताना फाटा लागला, आणि हे तरातरा खाणीच्या बाजूला वळले. कडा हाकेच्या अंतरावर. मी धावत जाऊन दंड धरला. “इकडून,” म्हटलं. मुकाट्याने आले. घरापर्यंत मी दंड सोडला नाही. आजवर हे नुसत्या नशिबाने परत येत होते, आणि मी मोठ्या तोऱ्यात ‘झालं तर झालं’ म्हणत होते.

त्या संध्याकाळी स्टुलावर चढून मी कडी लावली. हे खाली उभे राहून बघत होते.

“बाई, असं नका करू,” अगदी नरमाईने म्हणाले. “माझी बायको वाट बघत असेल.”

मी कडी काढली नाही. हे जाईपर्यंत काढली नाही.