दिवस बुडाला, ताटं उचला

विश्रामबागेत चंदनवैनींची खानावळ आहे. तिथं पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी मारलेली दिसेल. नवीन आलेला मुलगा विचारतो, "काकू, पंखा बिघडलाय काय?" वैनी त्याच्या वाटीत आमटी ओततात. उत्तर मला ठाऊक आहे. त्या बटणावर शेवटचं बोट माझं पडलं होतं.

पण आधी वैनी सांगायला हव्यात. चंदनबाला बाळगोंडा मगदूम. वय अडुसष्ट, अंगानं मूठभर, आवाज मात्र कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचणारा. बाळगोंडाअण्णा गेले तेव्हा त्यांनी पुढच्या खोलीत चार बाकडी टाकली आणि शिकणाऱ्या पोरांना जेवायला घालायला लागल्या. जैन घरातलं जेवण. कांदा नाही, बटाटा नाही, आणि दिवस मावळला की घास नाही. गल्लीत बोलतात, वैनी चपात्या मोजतात. साफ खोटं. त्या पोरं मोजतात. कुणी दोन दिवस दिसलं नाही की त्याच्या खोलीवर जाऊन दार बडवतात.

नेमाला इतक्या कडक, आणि अण्णा? अण्णांना रात्री नऊला स्टँडसमोर कांदाभजी खाताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. शेजारची दुसरी प्लेट त्यांच्या जुन्या मित्राची, म्हणजे माझीच असायची. वैनींना ह्यातलं काही माहीत नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

अण्णांच्या मागं वर्षभरातच वळवाच्या वादळात दारातल्या झाडावरून पोपटाचं पिल्लू खाली पडलं. अंगावर पीससुद्धा नव्हतं. वैनींनी ते पदरात घेतलं, भिजवलेली डाळ भरवून वाढवलं, नाव ठेवलं रावा. बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या बायका म्हणायच्या, "चंदनक्का, पाखरू कोंडणं पाप हाय." वैनी म्हणायच्या, "कोंडायला पिंजऱ्याला दार कुठं हाय?" खरंच नव्हतं. दार त्यांनी उपसून टाकलं होतं. रावा दिवसभर बाकड्यांवरून हिंडायचा आणि पोरांच्या ताटातले शेंगदाणे पळवायचा.

संध्याकाळी शेवटचं ताट उचललं की वैनी ट्यूबलाईट लावायच्या. जुनी ट्यूब, दोनदा डोळे मिचकावणार, मग लागणार. लागली की वैनी ओरडायच्या, "दिवस बुडाला, ताटं उचला!" वर्षाच्या आत राव्यानं ते उचललं, तेही हुबेहूब वैनींच्या आवाजात. मग वैनींनी ओरडणं सोडून दिलं. ट्यूब लागली की रावाच ओरडायचा, आणि त्यानंतर चोच मिटून बसायचा ती सकाळपर्यंत. मी एकदा गंमत म्हणून ट्यूब लागल्यावर पेरूची फोड पुढं केली. त्यानं मान फिरवली आणि मलाच ऐकवलं, "ताटं उचला!"

"वैनी," मी म्हणालो, "हा नेमाला अण्णांपेक्षा पक्का निघाला."

वैनी हसल्या नाहीत. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. दुपारी एकची वेळ, ऊन असं की डोकं भणभणत होतं. पोरं जेवून गेली होती. आत स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता. मी बाहेरून आलो, घाम पुसत नेहमीच्या बाकड्याशी गेलो आणि हात वर करून पंख्याचं बटण दाबलं. त्या घरात राव्यासाठी दिवसा पंखा लावत नाहीत, हे अकरा वर्षं मला ठाऊक होतं. पण घरच्या सवयीचा हात विचारून चालत नाही. फट्ट असा आवाज झाला आणि हिरवं काहीतरी भिंतीवर आपटून ताटांच्या चळतीवर पडलं.

वैनी धावत बाहेर आल्या. पंखा फिरत होता. मी म्हणालो, "वीज गेली होती वैनी. आत्ता आली, आणि आपोआप फिरला."

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पंख्याकडं एकदा, आणि राव्याला उचललं. पंख लोंबत होता. खालची चोच मधोमध तडकली होती. रक्त थोडंच होतं, पण तो गप्प होता. दिवसाउजेडी तो गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

"भावजी, रिक्षा बघा की!"

पिंजऱ्याला दार नव्हतं, म्हणून तोंडाला पिठाची चाळण सुतळीनं बांधली आणि निघालो. जनावरांचा दवाखाना जवळच, नवा, काचेच्या दाराचा. आत चार कुत्री आपापल्या मालकांना घेऊन बसलेली. एका बाईंच्या मांडीवर स्वेटर घातलेलं पांढरं कुत्रं होतं. एरवी त्या ऑक्टोबरातल्या स्वेटरवर मी आठवडाभर गल्ली हसवली असती. कुत्री आत जायची, बाहेर यायची. आमचा नंबर पुढं सरकतच नव्हता. चाळणीच्या भोकांतून रावा एका डोळ्यानं बाहेर बघत होता, आणि मला वाटत होतं, माझ्याचकडं बघतोय.

जवळपास चार तासांनी डॉक्टरांनी आत बोलावलं. त्यांनी चाळणसुद्धा काढली नाही.

"हा देशी पोपट आहे. पाळायला बंदी आहे, माहीत आहे ना?"

"पाळलाय कुठं ओ? ऱ्हातोय."

"आजी, मी पक्षी बघत नाही. वनखात्याला फोन करतो. ते घेऊन जातील, त्यांच्याकडं उपचार होतील. परत मात्र मिळणार नाही."

"जगंल का?"

"इथं ठेवण्यापेक्षा तिकडं शक्यता जास्त."

वैनी माझ्याकडं वळल्या. "भावजी, काय करू?"

साऱ्या गल्लीला न विचारता सल्ला देणारा मी. तेवढं एक "देऊ या वैनी" म्हणायचं होतं. पण वनखात्याची माणसं आली की पहिलं विचारणार, हे लागलं कसं? मी जमिनीकडं बघत राहिलो. वैनींनी पिंजऱ्यावर पदर टाकला. "नको. माझं लेकरू मी न्हेते," म्हणाल्या, आणि बाहेर पडल्या.

दाराशी चिठ्ठ्या फाडणारी मुलगी होती, पल्लवी. ती आमच्या मागं पायऱ्यांपर्यंत आली. तिनं पदराखाली हळूच एक पिठाची पुडी आणि बिनसुईची सिरिंज सरकवली.

"आजी, हे कोमट पाण्यात पातळ करा, डाव्या बाजूनं थेंब थेंब सोडा. दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा. मार लागलाय, रात्रभर उपाशी राहिला तर सकाळ बघणार नाही."

"रात्री?" वैनी म्हणाल्या.

"हो. आणि उजेडात भरवा बरं का, चोचीत नीट बघून. चुकून श्वासनळीत गेलं तर संपलंच."

साडेपाचला घरी आलो. वैनींनी लगेच भरवलं. राव्यानं निमूट गिळलं, दोनदा मानही हलवली. आलेल्या पोरांना वैनींनी फाटकातूनच परत पाठवलं. सहा वाजून गेले. खोली काळवंडत गेली. ट्यूब लावायला कुणी उठलं नाही. वैनींनी स्वतः सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि आता दिवसही बुडाला होता.

साडेसातला त्यांनी पीठ कालवलं. मी विचारलं, "वैनी, तुमचा नेम?"

"नेम माझा हाय. त्येनं कवा घेतला? लावा ट्यूब."

मी बटण दाबलं. ट्यूब दोनदा मिचकावली आणि लागली. पदरात पडलेल्या राव्यानं मान उचलली आणि घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात म्हणाला, "दिवस बुडाला, ताटं उचला." आणि चोच मिटली.

वैनींनी सिरिंज लावली. त्यानं मान फिरवली. "राव्या, घे रं." पुन्हा लावली. त्यानं ती फुटकी चोच अशी घट्ट आवळली की फटीतून रक्त आलं. "आरं, मीच सांगते न्हवं तुला, खा!" आवाज तोच होता. पण तो आवाज अकरा वर्षं त्याला खाऊ नको म्हणून सांगत आला होता.

वैनींनी पदरानं ते रक्त टिपलं. मग म्हणाल्या, "भावजी, ट्यूब बंद करा."

"वैनी, ती पोरगी म्हणाली..."

"आयकलंय मी. बंद करा."

अंधार झाला. रस्त्यावरच्या दिव्याची एक पट्टी फरशीवर पडली होती, तेवढीच. थोड्या वेळानं चोच उघडल्याचा टक्‌ असा आवाज आला. वैनी बोटानं चाचपत होत्या. "घेतंय," त्या कुजबुजल्या. एक घोट. मग दुसरा. "घेतंय ओ भावजी." मी उभा होतो, बोट बटणावरच. तिसऱ्याला एक ओला, बारीक आवाज आला, बुडबुडा फुटल्यासारखा. पंख एकदा पदरावर आपटला.

"लावा," वैनी म्हणाल्या.

मी दाबलं. ट्यूब एकदा मिचकावली, दोनदा मिचकावली, आणि लागली. आम्ही दोघंही थांबलो. अकरा वर्षांच्या सवयीनं कान राव्याकडं लागले होते. कुणीच काही बोललं नाही.

खानावळ चालू आहे. ट्यूब मात्र वैनी लावत नाहीत. शेवटची पोरं मोबाईलच्या उजेडात चपला शोधतात. मी तिथंच जेवतो, आता दिवस बराच वर असताना. चिकटपट्टी लावली त्या दिवशी वैनी वाढायला आल्या होत्या. बाकड्यावर मी एकटाच. त्यांनी चपाती ताटात टाकली, तिच्यावर तूप सोडलं आणि तूप पसरवता पसरवता, वर न बघता म्हणाल्या,

"भावजी, त्या दुपारी मी आत मिक्सर लावलता. वीज गेली न्हवती."

आणि दुसरी चपाती आणायला आत गेल्या.